गवताचे फूल वाचणारे फादर ब्लॅटर

गवताला फूल येते का, असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर थांबतात. दूर्वा आपण दरवर्षी गणपतीला वाहतो, ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदळाचा भात आणि गव्हाची पोळी रोज खातो, पण यातल्या कुणाचेही फूल डोळ्यांसमोर येत नाही. फूल म्हटले की जास्वंद, मोगरा, झेंडू. दादरच्या फुलबाजारात हजारो दुर्वांच्या जुड्या विकल्या जातात, त्याही फुलांच्या नव्हे तर पानांच्या हिशेबाने.

गवताला फूल येते. ज्वारी, बाजरी, भात, गहू, मका, ऊस आणि बांबू ही सारी गवतेच, आणि त्यांच्या फुलातूनच आपला दाणा तयार होतो. हे फूल इतके लहान आणि इतके झाकलेले असते की ते भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही. त्याच फुलातून उडणारे पराग काहींच्या नाकाला आणि श्वासनलिकेला त्रास देतात. त्याच फुलात शिरणारी एक बुरशी अन्नातून विषबाधा घडवते आणि तिच्यापासूनच प्रसूतीच्या वेळचे एक जीवरक्षक औषधही मिळाले. म्हणून गवताचे फूल ओळखता येणे हा वनस्पतिशास्त्रज्ञांइतकाच वैद्यकाचाही विषय आहे. मुंबई इलाख्यातल्या गवतांची ही ओळख ज्यांनी पद्धतशीरपणे करून दिली ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर धोबीतलावजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत होते.

स्वित्झर्लंडहून धोबीतलावला

ब्लॅटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते येशू संघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल झाले आणि १९०३ मध्ये मुंबईत आले. १८६९ साली सुरू झालेले झेवियर्स कॉलेज तेव्हा जर्मन जेझुइटांच्या हाती होते. तरुण ब्लॅटर तिथे वनस्पतिशास्त्र शिकवू लागले.

शिकवायला बसल्यावर त्यांच्यासमोर एक साधी अडचण उभी राहिली. पुस्तकांतली उदाहरणे युरोपातली, आणि खिडकीबाहेरची झाडे मुंबईची. ती झाडे विद्यार्थ्यांना दाखवायची तर आधी गोळा करायला हवीत, त्यांची नावे निश्चित करायला हवीत आणि ती टिकवायला हवीत. १९०६ मध्ये कॉलेजात वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला होता. माहीम-शिवडीच्या चिखलात उभी असलेली ही झाडे तेव्हा लोकांच्या लेखी सरपणापलीकडे फारशी मोलाची नव्हती. खाऱ्या पाण्यात ती कशी जगतात याचा अभ्यास करावा, असे ब्लॅटर यांना वाटले.

काही वर्षांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी ते युरोपात गेले आणि १९१५ मध्ये परत आले. पहिले महायुद्ध पेटलेले होते. जर्मन नागरिक असलेल्या अनेक जेझुइटांना सरकारने स्थानबद्ध केले किंवा मायदेशी पाठवले. कॉलेजची शिकवणारी माणसे एकाएकी कमी झाली. ब्लॅटर तटस्थ देशाचे नागरिक होते, त्यामुळे त्यांना काम करता आले. १९१९ ते १९२४ या काळात ते कॉलेजचे प्राचार्य होते.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट पक्षीप्रेमींना चांगली ठाऊक आहे. १९१७ साली ब्रह्मदेशातून परतलेला एक तरुण दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होता. त्याचे मन मात्र पाखरांत रमलेले. फादर ब्लॅटर यांनी ते ओळखले आणि त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकायला राजी केले. सकाळी हिशेबाचा वर्ग, नंतर प्राणिशास्त्राचा, असे त्याने वर्षभर केले. तो तरुण म्हणजे सालिम अली.

डॉक्टरांनी घातलेला पाया

मुंबईच्या गवतांकडे ब्लॅटर यांच्याआधीही कुणी पाहिले होते, आणि त्यांत डॉक्टर पुढे होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी दोघे हिंदी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, गिरगावच्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील आणि औषधी वनस्पतींचे जाणकार.

गवतांचे मोठे काम केले ते डॉ. होजे कामिलो लिस्बोआ यांनी. मूळचे गोव्याचे लिस्बोआ ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीत होते. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि आयुष्याच्या शेवटच्या दशकात गवतांची यादी तयार केली. त्यांच्या पत्नीही वनस्पती अभ्यासत. एका सुगंधी गवतावरचा त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीने शास्त्रीय लेख लिहिणे ही त्या काळी मुंबईत अगदी दुर्मीळ गोष्ट होती. सह्याद्रीतल्या काही गवतांच्या शास्त्रीय नावांत आजही लिस्बोआ हे नाव आहे.

त्या काळच्या डॉक्टरांना वनस्पतिशास्त्र यावेच लागे, कारण बरीचशी औषधे झाडपाल्यातून येत. चुकीची वनस्पती म्हणजे चुकीचे औषध. लिस्बोआ १८९७ मध्ये गेले. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ आला, तरीही गवतांच्या बाबतीत बरेच काही अपुरे होते.

अवघड का

गवते ओळखणे अवघड का, हे समजण्यासाठी त्यांच्या फुलाची रचना पाहावी लागते. ज्वारीचे फुलोऱ्यातले कणीस हातात घ्या. त्यावर जे शेकडो छोटे ठिपके दिसतात त्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक फूल नाही, तो फुलांचा अगदी छोटा घोस आहे. शास्त्रात त्याला कणिशक म्हणतात, म्हणजे लहानसे कणीस. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, बाजरीचे कणीस, दूर्वेच्या बोटांसारख्या फांद्या, या सगळ्या कणिशकांच्याच वेगवेगळ्या मांडण्या आहेत. कुठे कणिशके एका दांड्यावर दाटून बसतात, कुठे सैल फांद्यांवर लोंबतात, कुठे एकाच बाजूला दोन ओळींत लागतात. गवत ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे ही मांडणी पाहणे.

दुसरी पायरी म्हणजे एक कणिशक सोडवून भिंगाखाली पाहणे. त्याच्या तळाशी होडीच्या आकाराची दोन खवल्यांसारखी पाने असतात. त्यांना तुषे म्हणतात. त्यांच्या आत एक किंवा अनेक फुले बसतात. प्रत्येक फुलाला स्वतःची आणखी दोन आवरणे असतात, बाहेरचे आणि आतले. त्यांना परितुष म्हणतात. भाताच्या गिरणीत दाण्यावरून निघणारे तूस हे मुख्यतः ही दोन परितुषे असतात. घरात बोलताना तूस हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. शास्त्राला मात्र कोणते आवरण कुणाचे हे वेगळे सांगावे लागते, कारण दोन गवतांमधला फरक बहुधा तिथेच असतो.

परितुषांच्या आत पाहिले तर पाकळ्या दिसत नाहीत. पाकळ्यांच्या जागी दोन इवले, रसाळ खवले असतात. त्यांना इंग्रजी शास्त्रभाषेत लोडिक्यूल म्हणतात. फुलण्याची वेळ झाली की हे खवले पाणी शोषून फुगतात आणि आवरणे बाजूला ढकलतात. भाताचे फूल सकाळच्या उन्हात असे तासभर उघडते आणि मिटते. तेवढ्या वेळात पुंकेसर बाहेर लोंबतात. ज्वारी आणि गव्हाला ते तीन, भाताला सहा. मध्ये किंजपुट, म्हणजे बीजांडकोश, आणि त्याच्यावर पिसासारखी दोन टोके. वाऱ्यावर आलेला पराग अडकावा म्हणून ही टोके पिसासारखी असतात.

ज्वारीत कणिशके जोडीने येतात. एक बिनदेठाचे, त्यात दाणा धरतो. दुसरे देठावरचे, ते दाणा देत नाही. मक्यात तर नर आणि मादी फुले वेगवेगळ्या ठिकाणी असतात. शेंड्याचा तुरा नर, आणि कणीस मादी. गिरगाव चौपाटीवर भाजायला घेताना कणसाचे जे केस आपण ओढून टाकतो, त्यातला एक-एक केस एका-एका दाण्यापर्यंत पोचलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही. कणसात मध्येच जी रिकामी जागा दिसते तिचे हे एक कारण.

शेवटी दाणा. गवताच्या दाण्यात फळाची साल आणि बीचे आवरण एकमेकांना चिकटून एकच झालेले असते. म्हणजे ज्याला आपण धान्य म्हणतो ते खरे तर अख्खे फळ आहे. गव्हाचा कोंडा म्हणजे ती चिकटलेली आवरणे आणि त्यांच्या आतला पातळ थर. त्यात तंतू आणि ब जीवनसत्त्वे असतात. तांदूळ फार पॉलिश केला की हा थर निघून जातो, आणि फक्त असाच तांदूळ खाणाऱ्या लोकांत पूर्वी बेरीबेरी हा मज्जातंतूंचा आणि हृदयाचा आजार होत असे.

दोन माणसे, एक ग्रंथ

ब्लॅटर यांना या कामात साथ मिळाली ती चार्ल्स मॅक्कान यांची. मॅक्कान यांचा जन्म १८९९ चा. ते नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करत. सोसायटीचे कार्यालय तेव्हा फोर्टमध्ये अपोलो स्ट्रीटला होते. ब्लॅटर सोसायटीचे उपाध्यक्ष होते. कुक यांच्या ग्रंथात सुधारणा करण्याचे काम १९२६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यात ब्लॅटर यांच्याबरोबर मॅक्कान यांचे नाव दिसते.

ब्लॅटर यांचे भटकणे केवळ मुंबईपुरते नव्हते. एफ. हॉलबर्ग यांच्यासह त्यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पती नोंदवल्या. मॅक्कान आणि टी. एस. सबनीस यांच्यासह सिंधू नदीच्या मुखाशी असलेल्या प्रदेशावर लिहिले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होते, म्हणून एडनच्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले आणि पुढे अरबस्तानच्या वनस्पतींवर. १९२६ मध्ये ताड-माडांच्या कुळावर त्यांचा ग्रंथ आला. त्यानंतर काश्मीरच्या फुलांवरचे पुस्तक. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल स्मृती पदक सुरू केले आणि ते प्रथम ब्लॅटर यांना दिले.

गवतांचे काम याहून चिकट होते. सह्याद्रीतली बहुतेक गवते पावसाच्या अखेरीस फुलतात. त्यामुळे ती गोळा करायची तीही सप्टेंबर-ऑक्टोबरात, चिखलात आणि ओल्या हवेत. उपटलेले गवत कागदाच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलून वाळवावे लागते. जरा दुर्लक्ष झाले की बुरशी धरते. वाळल्यावर किडे लागतात. त्या काळी जगभरातल्या संग्रहांत नमुने किड्यांपासून वाचवण्यासाठी पाऱ्याचे विषारी क्षार वापरत. जुन्या संग्रहांत काम करताना हातमोजे घालायला आणि हवा खेळती ठेवायला सांगतात ते यासाठीच. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला घातक असते.

या नमुन्यांतून मुंबई इलाख्यातल्या गवतांचा ग्रंथ तयार झाला. त्याची चित्रे आर. के. भिडे यांनी काढली. भिडे स्वतः गवतांचे अभ्यासक होते. सह्याद्रीतल्या गवतांच्या एका प्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ भिडिया असे नाव आहे. कणिशक सोडवून त्याचे एक-एक आवरण वेगळे मांडून दाखवणारी अशी चित्रे नसतील तर वर्णनाचा उपयोग निम्माच उरतो. केस कुठे आहेत, शीर किती आहेत, कुसळ टोकातून निघते की पाठीवरून, हे वाचून समजत नाही, पाहून समजते.

या अभ्यासातून काही नव्या जातीही हाती लागल्या. मारवेल हे गुरांचे आवडते गवत ज्या डायकँथियम प्रजातीतले, त्याच प्रजातीतल्या एका जातीला ब्लॅटर यांनी मॅक्कान यांचे नाव दिले. दुसरीला दोघांनी मिळून पांचगणीचे नाव दिले.

ब्लॅटर २६ मे १९३४ रोजी गेले. मुंबईच्या गवतांचा ग्रंथ पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, इम्पीरिअल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्चने छापला. तो त्यांना पाहता आला नाही. सरकारच्या शेती-संशोधन संस्थेने तो छापावा यामागे कारण होते. या देशात गुरे कोट्यवधी आणि चारा म्हणजे प्रामुख्याने गवत. कोणते गवत पौष्टिक, कोणते दुष्काळात टिकते, कोणते कुसळी धरून गुरांच्या तोंडाला इजा करते हे सांगायचे तर आधी गवत नेमके कोणते ते सांगता यायला हवे. १९३७ मध्ये त्यांचे भारतीय वृक्षांवरचे पुस्तकही आले, ते सोसायटीतले जुने सहकारी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह. मॅक्कान स्वातंत्र्याच्या सुमारास न्यूझीलंडला गेले.

नाक, डोळा आणि भाकरी

आता या अभ्यासाचा दवाखान्याशी संबंध पाहू.

गवते वाऱ्यावर परागण करतात. मध नाही, रंग नाही, वास नाही. त्याऐवजी प्रचंड प्रमाणात हलके, कोरडे पराग. युरोपात उन्हाळ्यात काहींना शिंका, वाहणारे नाक आणि दम लागणे असा त्रास होई. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली स्वतः त्याचे रुग्ण होते. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात आणि खरवडलेल्या त्वचेवर लावून पाहिले, पतंग उडवून उंचावरचे पराग मोजले, आणि १८७३ मध्ये हा त्रास परागांमुळे होतो हे सिद्ध केले. आज अ‍ॅलर्जीसाठी त्वचेवर जी चाचणी करतात तिचे मूळ या प्रयोगात आहे. त्या चाचणीत कोणत्या वनस्पतीचा अर्क वापरला हे नावानिशी लिहिलेले असते. आपल्या दूर्वेचे पराग जगभर अ‍ॅलर्जीच्या चाचण्यांत वापरतात. नाव चुकले तर चाचणी व्यर्थ.

मुंबईत अ‍ॅलर्जीचे कारण बहुधा घरातली धूळ आणि तिच्यातले सूक्ष्म कीटक, झुरळे आणि बुरशी हे असते. पण पावसाळा सरल्यावर मोकळ्या जागांत, रेल्वेमार्गाच्या कडेला आणि गिरणगावातल्या बंद आवारांत माजलेले गवत फुलते तेव्हा काहींचा त्रास वाढतो. पराग भिजून फुटले तर त्यांतले अगदी बारीक कण श्वासनलिकेत खोलवर जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळी पावसानंतर हजारो लोकांना एकाच वेळी दम लागला आणि दहा जण दगावले. त्याला मुख्यतः राय गवताचे पराग कारणीभूत होते. दमा असलेल्यांनी इनहेलर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये, ही गोष्ट त्या घटनेने पुन्हा अधोरेखित केली. अशा दिवसांत दरवर्षी त्रास होत असेल तर हंगामाच्या आधीच डॉक्टरांना भेटलेले बरे.

डोळ्यातले कुसळ आणि मुसळ यांची म्हण सर्वांना ठाऊक आहे. ते कुसळ म्हणजे परितुषाच्या टोकाला किंवा पाठीवर निघणारा राठ केस. कुसळी गवतात ते लांब आणि पिळदार असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या वळण्या-सुटण्याने खालचे टोकदार बी जमिनीत रुतत जाते. मेंढीच्या अंगात किंवा माणसाच्या कपड्यातही ते असेच रुतते. डोळ्याला कुसळ, भाताचे पाते किंवा उसाचे पान लागले तर दुखापत लहान दिसते, पण तिच्यातून बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर जखम होऊ शकते. अशा वेळी घरातले किंवा दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालणे धोक्याचे. त्याने लाली तात्पुरती कमी होते आणि बुरशी फोफावते. डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा.

बाजरीच्या फुलाची गोष्ट आणखी वेगळी. बाजरीत पिसासारखी स्त्रीकेसराची टोके आधी बाहेर येतात, पराग नंतर. या मधल्या काळात हवा ढगाळ आणि दमट राहिली तर पराग पोचण्याआधी अरगट नावाची बुरशी टोकांवर बसते आणि किंजपुटात शिरते. काही दिवसांत कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठ तयार होते. पराग वेळेवर पोचला तर टोके सुकतात आणि बुरशीला वाट मिळत नाही. बाजरीत अशा गाठी दळल्या गेल्या तर खाणाऱ्यांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ नोंदली गेली. उपाय सोपा आहे. मिठाच्या दाट पाण्यात बाजरी टाकली की हलक्या गाठी वर तरंगतात आणि चांगला दाणा तळाशी बसतो. गाठी काढून दाणे साध्या पाण्याने धुवून वाळवावेत.

युरोपात राय या गवतावर याच जातकुळीची बुरशी येते. तिच्यातल्या द्रव्यांनी मध्ययुगात गावेच्या गावे आजारी पडली, हातापायांची बोटे काळी पडून गळाली. तिच्यातूनच पुढे अर्गोमेट्रीन हे औषध वेगळे केले गेले. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव थांबावा म्हणून त्याचा उपयोग होतो. ते आणि त्याच्यापासून तयार केलेले मिथिलअर्गोमेट्रीन यांनी अनेक मातांचे प्राण वाचवले आहेत. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला मात्र ते देत नाहीत, कारण ते रक्तवाहिन्याही आकुंचित करते.

कागदावर टिकलेले गवत

ब्लॅटर यांच्यानंतर झेवियर्सच्या संग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. जगभरच्या वनस्पतिसंग्रहांच्या यादीत तो ब्लॅट या संक्षिप्त नावाने नोंदलेला आहे. पुढे स्पेनहून आलेले फादर सांतापाव यांनी तो वाढवला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे संचालकही झाले. १९६० मध्ये एन. एल. बोर यांचा भारत, ब्रह्मदेश, श्रीलंका आणि पाकिस्तानातल्या गवतांवरचा ग्रंथ आला, तेव्हा मुंबईच्या बाजूच्या गवतांसाठी ब्लॅटर-मॅक्कान यांचे काम हाताशी होतेच.

संग्रहातला नमुना म्हणजे जाड कागदावर चिकटवलेले वाळके गवत आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी. कुठे मिळाले, कधी मिळाले, कुणी आणले. शंभर वर्षांनीही कणिशक पाण्यात भिजवले की मऊ होते आणि भिंगाखाली त्याची तुषे, परितुषे मोजता येतात. मुंबईतली आणि भोवतालची ज्या ठिकाणची गवते तेव्हा नोंदली गेली तिथे आज बहुतेक इमारती आहेत. त्या जागी काय उगवत होते याचा पुरावा या कागदांवर आहे. हवेत आज कोणते पराग आहेत, बाजरीत कोणती बुरशी आली, गुरांनी काय खाल्ले, यातले काहीही ठरवताना तपासणारा माणूस शेवटी अशाच एखाद्या नमुन्याशी आणि त्याच्या नावाशी येऊन थांबतो.

पावसानंतर इमारतीच्या आवारात फुललेल्या गवताची एक काडी घेऊन साध्या भिंगाखाली पाहिली तर लोंबणारे पिवळे किंवा जांभळे पुंकेसर आणि पिसासारखी टोके दिसतात. परागाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र हे पाहणे दुसऱ्यावर सोपवावे.